व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर: तापू द्या, मग ऐका



व्हॉल्व्हचा रेडिओ ज्येष्ठांना आठवत असेल.
तशाच व्हॉल्व्हवर चालणारे उंची स्टिरिओ अॅम्प्लिफायर आजही बनतात.

व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते.
आतली तार तापते, आणि इलेक्ट्रॉन सुटतात.
वाटेतली जाळी त्यांना आवरते किंवा सोडते.
ही जाळी ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली बसवली.
तिच्यामुळे क्षीण संकेत मोठा होतो.

पण तार तापल्याशिवाय यातलं काहीच घडत नाही; म्हणून सांगतो, आधी तापू द्या, मग ऐका.

पारख कशी करायची?
आपल्या मिरजेच्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावा.
जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घडण, नीट लागलेली असली,
की एकाच तारेतून स्वरांचे पदर उलगडत जातात.
ते पदर सुटे ऐकू आले, तर यंत्र चांगलं.
नुसता गुणगुणाट आला, तर पैसे घालू नका.
किंमत कितीही असो, माझा भरवसा या परीक्षेवर आहे.

पुन्हा सांगतो, तापू द्या, मग ऐका.

स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.
वरती कापड टाकू नका.
आणि झाकण स्वतः उघडू नका.
बटण बंद केल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब उरलेला असू शकतो.
दुरुस्ती जाणकार कारागिराकडूनच करून घ्या.