सेकंदाचा दहावा भाग

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत नळदुर्ग येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नळदुर्गचे नाव किल्ल्यामुळे सर्वदूर पोहोचले. परंतु आपले नित्याचे जीवन सोलापूर–हैदराबाद महामार्गाशी बांधलेले आहे. अपघातग्रस्तांची शुश्रूषा हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. तथापि इजा ज्या क्षणी होते, त्या क्षणी तेथे डॉक्टर नसतो. असतात ते केवळ पदार्थविज्ञानाचे नियम. आज त्यांविषयीच थोडे सांगावयाचे आहे.

ताशी ५४ किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला १५ मीटर अंतर कापते. या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर उंचीवरून, जवळजवळ चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडणे होय. वेग दुप्पट झाला की ही उंची चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

अपघातात वस्तुतः तीन टकरी होतात. पहिली गाडीची, दुसरी, गाडी थांबली तरी त्याच वेगाने पुढे जाणाऱ्या शरीराची, आणि तिसरी, शरीराच्या आत मेंदू, यकृत, प्लीहा या अवयवांची. वरून जखम न दिसताही आत रक्तस्राव होतो, तो या तिसऱ्या टकरीमुळे. म्हणून ‘मला काही लागले नाही’ म्हणणाऱ्यासही तपासणीसाठी अवश्य आणावे.

गाडीचा पुढील भाग चेपला जावा अशीच त्याची रचना असते. तो चेपताना आणि पट्टा किंचित ताणला जाताना शरीरास थांबण्यासाठी पाऊण मीटर मिळाले, तर ते सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते व त्यावर वजनाच्या सुमारे १५ पट बल येते. पट्टा नसेल आणि शरीर टणक भागावर आदळून ५ सेंटिमीटरांत थांबले, तर तेच बल २०० पटींहून अधिक होते. १९५९ साली निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो मोटारीत आणलेला तीन बिंदूंचा पट्टा हे बल छाती व कमरेच्या बळकट हाडांवर वाटून देतो. त्यासाठी त्याचा खालचा भाग पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे.

मागे बसणाऱ्यास पट्टा नको, हा समज घातक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. मागे बसलेले दोघे दगावले. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पुढील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

मातांना एक कळकळीची विनंती. दहा किलोचे मूल मांडीवर असेल, तर वर सांगितलेल्या धडकेत ते दीडशे किलोंच्या ओढीने हातांतून निसटते. ती पकड कोणत्याही आईच्या हातात नाही. मुलासाठी मागील आसनावर त्याच्या वयाजोगे वेगळे बालआसन असावे. दुचाकीवर हेच कार्य हेल्मेटमधील चेपणारा थर करतो. मात्र त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला हवा.

जखमीस मदत करण्यास कचरू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. १०८ क्रमांकावर त्वरित कळवावे.

आपल्या दातृत्वावर आमची सेवा चालते, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. पण तिचा आरंभ धडकेनंतर होतो. त्यापूर्वीचा सेकंदाचा दहावा भाग आपल्याच हाती आहे. तो आपण सांभाळावा, ही नम्र प्रार्थना.