बढती नाकारणाऱ्या भगिनीची बाजू

(महिला कर्मचारी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय आहे, 'स्त्रियांची नोकरीतील प्रगती आणि घरचे सुख'. या विषयावर बोलणारे बहुतेक जण बायकांनाच उपदेश करतात. पहाटे उठा, वेळेचे नियोजन करा, तारेवरची कसरत शिका! आमचे म्हणणे असे की, ही तार कोणी बांधली आणि इतकी उंच का बांधली, हे विचारणे युनियनचे काम आहे.

थोडा इतिहास पाहू. सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत आल्या. त्या सेवेत स्त्रीला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे, आणि संसार कामाच्या आड येतो असे सरकारला वाटले तर तिचा राजीनामा मागता येई. बढतीत डावलले म्हणून मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. एअर इंडियात हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणातच संपवता येई. ती अट न्यायालयाने १९८१ साली रद्द केली. संसार की नोकरी हा पेच नियमांनी घातला होता, बायकांनी नव्हे.

पुढे बरेच मिळाले. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ साली, केंद्रीय कर्मचारी भगिनींना १८० दिवसांची प्रसूती रजा आणि ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. २०१७ साली कंपन्यांतील प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली सहायक ड्रायव्हर म्हणून लागल्या आणि २०२३ साली सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन आल्या. त्याच वर्षी जया वर्मा सिन्हा रेल्वे बोर्डाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आम्हाला याचा अभिमान आहे. पण एक बाई माडीवर पोहोचली म्हणून सर्वांसाठी जिना बांधला गेला, असे होत नाही.

रेल्वेत बढती बहुधा बदली घेऊन येते. समजा, कचेरीतील एका भगिनीचे मूल दहावीत आहे, सासू अंथरुणाला खिळलेली आहे आणि बढतीचा हुकूम दुसऱ्या गावचा आला. ती लिहून देते, "बढती नको." लोक म्हणतात, "बायकांना पुढे जायचेच नसते." पण तिला काय भोगावे लागते, ते पाहा. एक वर्ष तिच्या बढतीचा विचार होत नाही आणि तेवढ्यात कनिष्ठ पुढे जातात. एमएसीपी योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर, बढती न मिळालेल्यांना वरचा वेतनस्तर मिळतो. त्याआधी बढती नाकारलेली असेल, तर तोही अडतो. घर सांभाळल्याचा हा दंड ती पुढे वर्षानुवर्षे पगारातून भरते.

नियम पुरुषालाही तोच आहे, हे खरे. पण पुरुष बदलीवर गेला की मागे घर बाई सांभाळते. बाई गेली तर मागे कोण?

म्हणून आमच्या मागण्या अशा. बढतीची जागा शक्यतो त्याच ठिकाणी किंवा जवळ द्यावी. पती-पत्नीला एका ठिकाणी नेमण्याबाबत केंद्राचे २००९ चे आदेश आहेत, ते बढतीच्या वेळीही पाळावेत. घरच्या अडचणीमुळे बढती नाकारणाऱ्यांचा एमएसीपीचा लाभ अडवू नये. रात्रपाळीच्या प्रत्येक ठिकाणी महिलांसाठी वेगळी विश्रांतीची खोली आणि स्वच्छतागृह असावे.

आता बंधूंसाठी दोन शब्द. आठ तासांच्या कामासाठी आपल्या आधीचे कामगार लढले. घरी मात्र भगिनीची दुसरी पाळी सुरू होते. तिला ओव्हरटाइम नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती घ्या आणि घरकामाला लावा. रजा संपल्यावरही निम्मी पाळी आपली समजा.

भगिनींनो, बढती नाकारण्याचा कागद देण्यापूर्वी युनियनच्या शाखेत या. अडचण लेखी नोंदवू, जवळची रिकामी जागा शोधू आणि तिच्यासाठी भांडू. एकटीचा अर्ज फाइलीत पडून राहतो. शंभर जणींचे अर्ज एकत्र गेले की त्याचे मागणीपत्र होते.