जुन्या वास्तूतील नवी साधना
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



जुनी वास्तू पाडावी की तिला नवे कार्य द्यावे, हा प्रश्न अनेक संस्थांपुढे उभा राहतो. या संदर्भात टोकियोतील एका बौद्ध मठाची हकिकत मननीय आहे. १८८२ साली जिगोरो कानो या एकवीस वर्षांच्या तरुणाने एइशोजी मठातील अवघ्या १२ चटयांच्या जागेत ज्युदोचे शिक्षण सुरू केले. तेच पुढे जगप्रसिद्ध झालेले कोदोकान. शिष्यांच्या आदळआपटीने जुनी लाकडी जमीन हादरे, फळ्या मोडत. तेव्हा स्वतः कानो कंदील घेऊन जमिनीखाली शिरत आणि मोडलेला भाग दुरुस्त करीत.

अहिंसेच्या उपासकांना युद्धकला कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येईल. ज्युदोतील आरंभीचा धडा दुसऱ्याला पाडण्याचा नसून, स्वतःला इजा न होता पडण्याचा असतो. आपल्या जोडीदाराला जपणे हे तेथे कर्तव्यच असते. परस्परकल्याण हे कानोंनी ज्युदोचे ध्येय मानले. आपल्या शास्त्रकारांनीही गृहस्थासाठी संकल्पी हिंसा वर्ज्य सांगून, स्वसंरक्षणातील विरोधी हिंसा तिच्याहून वेगळी मानली आहे. ज्याच्या अंगी सामर्थ्य आहे, त्याच्याच संयमाला तेज असते.

म्हणून वापराविना पडून असलेली धर्मशाळा वा पाठशाळा तरुणांच्या हाती सोपवावी. देणगीतून साहित्य येईल. परंतु श्रमदान त्यांनीच करावे. ज्याने स्वतः फळी ठोकली, तो त्या जागेचे पावित्र्य जीवापाड जपेल.

जय जिनेंद्र!