सांता मारिया बेटाचे चढ-उतार

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, चिली देशात, २० फेब्रुवारी १८३५ रोजी मोठा भूकंप झाला. ‘बीगल’ जहाजावरून प्रवास करणारा तरुण निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन त्या वेळी वाल्दिव्हियाजवळच्या रानात विश्रांती घेत पहुडला होता. पुढे जहाजाचे कप्तान फिट्झरॉय यांनी कन्सेप्सिओनजवळील सांता मारिया बेटाची पाहणी केली, तेव्हा खडकांना चिकटलेले शिंपले भरतीच्या रेषेच्या सुमारे दहा फूट वर कुजत असलेले त्यांना आढळले. समुद्र मागे हटला नव्हता. जमीनच वर आली होती.

याचे कारण कळण्यास विसाव्या शतकाचे सातवे दशक उजाडावे लागले. पृथ्वीचे कठीण बाह्य आवरण अखंड नाही. त्याच्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. पॅसिफिक महासागराच्या तळाचा ‘नाझ्का’ भूपट्ट दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर या गतीने दक्षिण अमेरिकेखाली घुसत आहे. जेथे तो वाकतो तेथे सुमारे आठ किलोमीटर खोल सागरी खंदक आहे. आणखी खोल, सुमारे शंभर किलोमीटरवर, त्यातील पाणी बाहेर पडते, त्यामुळे वरचा तप्त खडक वितळू लागतो आणि शिलारस वर चढतो. अँडीजमधील ज्वालामुखी त्यातूनच झाले, आणि चिलीचे तांबेही अशाच शिलारसातून निघालेल्या उष्ण द्रवांनी खडकांत आणून ठेवले. (कोकण किनाऱ्याची कथा निराळी. तो भूखंड फाटून बनला आहे. तेथे असा खंदक नाही.)

ही सरक मात्र सुरळीत होत नाही. दोन्ही भूपट्ट एकमेकांत अडकतात, खालचा वरच्याची कड ओढून नेतो आणि ताण असह्य झाला की ती कड उसळते. १८३५ नंतर सांता मारिया बेट हळूहळू जवळजवळ दीड मीटर खचले. २७ फेब्रुवारी २०१० च्या ८.८ परिमाणाच्या भूकंपात ते सुमारे १.८ मीटर पुन्हा वर आले. हिशेब केला तर उसळीतील दहा ते वीस टक्केच उंची कायमची पदरात पडते. खंडाची कड वाढते ती अशी, काटकसरीने.

खंदकापासून आतल्या बाजूस उलटा प्रकार घडतो. २२ मे १९६० चा ९.५ परिमाणाचा भूकंप हा उपकरणांनी नोंदलेला सर्वांत मोठा. त्यात वाल्दिव्हियाभोवतालची कुरणे खचून दलदल झाली. त्सुनामीने सुमारे पंधरा तासांनी हवाई बेटांवर ६१ माणसांचा बळी घेतला.

२०१० मध्ये त्सुनामीचा सरकारी इशारा किनाऱ्यावर वेळेत पोहोचला नाही. तरीही अनेक कोळी कुटुंबे जमीन हलायची थांबताच टेकड्यांकडे निघाली. १९६० ची हकिगत त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली होती. कॉन्स्तितुसिओन येथे नदीतील बेटावर सुटीसाठी तंबू ठोकून राहिलेले लोक मात्र तेथेच अडकले.