दारी आलेल्यास जात विचारू नका

आपला इंदोरा आणि शेजारचा जरीपटका यांच्यामध्ये एका रस्त्याचेच अंतर आहे. त्या शेजाऱ्यांची कहाणी आपण कधी ऐकली आहे काय?

१९४७ साली फाळणी झाली. पंजाब व बंगाल विभागले गेले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. म्हणून सिंधी निर्वासितांना या देशात आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. त्यांतील अनेक कुटुंबे नागपुरास आली. घरात सिंधी, बाजारात हिंदी, शेजारी मराठी, असा त्यांचा संसार सुरू झाला. आजीची लिपी अरबी वळणाची, नातू शिकला देवनागरी. आजीचे पत्र नातवास वाचता येईना. १९६७ साली सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले; परंतु भाषा जगविण्याचा भार घरावरच राहिला.

आपण तरी मूळचे कोठले? १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे अशा गिरण्यांच्या भोंग्याला ओ देत आपले कित्येक आजे-पणजे गावकी टाकून या शहरात आले. येथे मजुरी मिळाली. पण खोली मागताच प्रथम जात विचारली गेली.

आज छत्तीसगड, बालाघाटकडील मजूर कुटुंबे आपल्या दारी खोली मागावयास येतात. माझी एकच विनंती आहे. भाडे ठरवा, नियम सांगा. परंतु जात विचारू नका. ज्या प्रश्नाने आपली मान खाली गेली, तो आपल्या मुखातून निघता कामा नये.