जाणते नेतृत्व
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो. तेव्हापासून माझी लेखणी टिपणे, शेरे आणि अहवाल यांतच झिजली. आजचा विषय मात्र मी स्वतः मागून घेतला आहे. तो का मागून घेतला, हे भाषणाच्या ओघात आपल्या लक्षात येईल.

झाशीत राहणाऱ्या मराठी माणसास पूर्वजांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. महाराज छत्रसालांनी बाजीराव पेशव्यांना बुंदेलखंडातील मुलखाचा वाटा दिला, पुढे १७४२ च्या सुमारास नारो शंकर येथे सुभेदार म्हणून आले, किल्ल्याचा विस्तार झाला, पेठा वसल्या आणि दक्षिणेतील अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यानंतर नेवाळकरांचा कारभार आला, आणि १८४२ साली त्या घरात जी सून आली तिने या गावाचे नाव जगाच्या इतिहासात कोरून ठेवले. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांचे निधन, दुसऱ्या वर्षी संस्थान खालसा, १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजचा वेढा, हा सारा क्रम आपल्या मुलांनाही पाठ आहे. तो मी पुन्हा सांगत नाही.

मला लक्ष वेधायचे आहे ते किल्ल्यातील एका कोपऱ्याकडे. तेथे तोफखान्याचा प्रमुख गुलाम गौसखान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची थडगी आहेत. वेढ्याच्या दिवसांत किल्ल्यावरील मोर्च्यांवर स्त्रिया काम करीत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, हे खुद्द शत्रूच्या सेनापतीने नमूद केले आहे. बाईसाहेबांचे राज्य गेलेले होते, खजिना आटलेला होता, बाहेरून कुमक येण्याची आशा तात्या टोपे यांच्या पराभवानंतर मावळली होती. अशा वेळी पठाण गोलंदाज, बुंदेले सरदार, कोरी समाजाचे शिपाई आणि घरातील बायका एका तटावर उभ्या राहतात, त्याला केवळ हुकूम पुरत नाही. ज्याच्या हाताखाली आपण उभे आहोत त्याने आपल्याला माणूस म्हणून मोजले आहे, ही खात्री असावी लागते.

वरसईचे विष्णुभट गोडसे त्या काळात येथे होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची आणि बाईसाहेबांची गाठ पडते. पुरुषी वेष, अंगावर धूळ, घसा कोरडा. भटजी पाणी काढून देऊ लागतात तेव्हा बाईसाहेब त्यांना थांबवतात आणि विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी कष्ट नकोत म्हणून स्वतःच विहिरीतून पाणी काढून पितात. आपण हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणून वाचतो. मीही अनेकदा वाचला. परंतु त्या विहिरीवर दोन माणसांना तरी ‘तुम्ही थांबा, मी काढतो’ असे परस्परांस म्हणता आले. ज्यांना विहिरीच्या काठावर पाऊलही ठेवता येत नव्हते, त्यांची आठवण मला तो उतारा वाचताना कधी झाली नव्हती.

ती आठवण करून दिली माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने. तो येथलाच, कोरी समाजाचा. एके वर्षी राणी लक्ष्मीबाई जयंतीचे निमंत्रण मी त्याला दिले. त्याने पत्रिका नीट वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि अगदी शांतपणे विचारले, “साहब, हमारी झलकारी का नाम भी कोई लेगा क्या?” मी निरुत्तर झालो. राणीसाहेबांसारखी दिसणारी, त्यांचा वेष घेऊन शत्रूला चकवणारी झलकारीबाई, तोफखान्यात लढणारा तिचा पती पूरन, भोजला हे तिचे गाव, या सगळ्या कथा झाशीच्या गल्लीगल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. झाशीचेच वृंदावनलाल वर्मा यांनी १९४६ साली आपल्या कादंबरीत तिला स्थान दिले, २००१ साली टपाल खात्याने तिच्या नावाचे तिकीट काढले. आणि मी, इतिहासाचा पदवीधर, इतकी वर्षे या गावचे मीठ खाऊन तिच्याविषयी एक वाक्य बोललो नव्हतो. माणूस दुष्ट नसतो. पुष्कळदा तो फक्त पाहत नाही. जाणतेपणाची सुरुवात हे न पाहणे ध्यानात येण्यापासून होते.

मित्रहो, जगात या विषयाची आज पुष्कळ चर्चा चालते. गोऱ्या-काळ्यांच्या समतेचे प्रश्न, दुर्लक्षितांना सामावून घेणारे नेतृत्व, नेत्याची स्वतःची घडण, यांवर ग्रंथ लिहिले जातात. आपल्याकडे ही जाण उशिरा आली असे मानण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पुण्याच्या एका पेठेत राहून सातासमुद्रापलीकडच्या माणसाचे दुःख आणि आपल्या दारातल्या माणसाचे दुःख एकच आहे हे त्यांनी ओळखले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, आणि १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डु बॉइस यांना आपण होऊन पत्र लिहिले.

पण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने काय करावे, याचा धडा घ्यावयाचा तर तो करवीरच्या शाहू छत्रपतींपासून. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदोक्त मंत्र म्हटले जात नाहीत, हे त्यांच्या निदर्शनास आले. राजा असूनही तू शूद्रच, असा त्याचा अर्थ होता. ठेच जबर होती. अशा वेळी सामान्य माणूस काय करतो? आपल्यापुरता मान मिळवतो आणि शांत होतो. शाहू महाराजांनी तो मान तर मिळवलाच, पण स्वतःला एक प्रश्नही विचारला : मला राजाला हे सोसावे लागते, तर माझ्याखालच्यांना काय सोसावे लागत असेल? २६ जुलै १९०२ रोजी त्यांच्या दरबाराचा जाहीरनामा निघाला आणि सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघाली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम झाला.

हुकूम काढणे मला परिचयाचे आहे. हुकूम निघतो आणि फायलीत झोपतो, हेही मी जाणतो. म्हणून मला त्या जाहीरनाम्याहूनही गंगाराम कांबळे यांची गोष्ट मोठी वाटते. सरकारी नोकरीत असलेल्या गंगारामांनी सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणारांना शासन केले आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास सांगून साह्य केले. कोल्हापुरात गंगारामांचे ‘सत्यसुधारक’ हॉटेल उघडले. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास कोण येणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारासमोर उभी करू लागले. चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. छत्रपतींनी घेतलेला पेला नाकारण्याची कोणाची छाती होती? हजार व्याख्यानांनी झाले नसते ते काम एका कपाने केले. नेत्याने उपदेश कमी करावा आणि आपली गाडी योग्य दारासमोर थांबवावी, एवढेच मी यातून शिकलो.

आणि नेतृत्वाची शेवटची कसोटी! १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराज स्वतः गेले आणि जमलेल्या अस्पृश्य बांधवांना, तुमचा पुढारी तुम्हाला लाभला आहे, असे सांगून तरुण आंबेडकरांकडे त्यांनी बोट दाखवले. दुसऱ्याचा उद्धार मीच करीन, हा अहंकार तेथे नव्हता. आपल्याला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट आहे. शाहू महाराजांना ‘राजर्षी’ ही पदवी पुण्याने दिली नाही, मुंबईने दिली नाही. ती दिली आपल्या शेजारच्या कानपूरने! १९१९ च्या एप्रिलमध्ये कुर्मी क्षत्रिय समाजाच्या अधिवेशनात उत्तरेतील शेतकरी समाजाने या दक्षिणी राजाला राजर्षी म्हटले, आणि आज त्या शहरातील विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. येथल्या लोकांनी आपला माणूस आपल्या आधी ओळखला.

आता मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. ती सुखाची नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी नव्याने झाशीत आलो आणि मंडळाचा सहकार्यवाह झालो. गणेशोत्सवातील मुलांच्या वक्तृत्वाची यादी माझ्याकडे होती. नावे बावीस, वेळ अठरांपुरता. एका ज्येष्ठांनी “चार नावे कमी करा” असे सांगितले. कोणती, ते त्यांनी सांगितले नाही. ती निवड माझी. मी यादीवरून पेन्सिल फिरवीत गेलो. हे नाव कापले तर अमुक रागावतील, ते कापले तर तमुक अबोला धरतील. शेवटी मी जी चार नावे कापली, त्यांत एक नाव माझ्याच कार्यालयातील चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याच्या मुलीचे होते. कुटुंब मराठवाड्याचे, दलित समाजाचे. मुलीने सावित्रीबाई फुल्यांवरचे भाषण महिनाभर घोकले होते, हे मला ठाऊक होते. तिचे नाव कापताना माझ्या मनात द्वेषाचा लेशही नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकेन. हे नाव कापल्यास कोणी तक्रार करणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. आणि तो हिशेब बरोबर ठरला. तक्रार कोणीच केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील नेहमीप्रमाणे माझ्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवून गेले. जाताना इतकेच म्हणाले, “पोरगी नवा फ्रॉक घालून बसली होती, साहेब.” पुढच्या उत्सवाला ते कुटुंब आले नाही; त्याच्या पुढल्या वर्षी त्यांची बदली झाली. ती मुलगी आज कोठे आहे, मला माहीत नाही. मी माफी मागितली नाही. मागण्याचे धैर्य आले तोवर माणसे निघून गेली होती.

बंधुभगिनींनो, अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने नष्ट झाली आहे. आपल्या मंडळाच्या घटनेतही जातीचा उल्लेख नाही. ‘मराठी भाषिक’ हीच सभासदत्वाची अट आहे. तरीही पन्नास वर्षांच्या कार्यकारिणींची नावे या स्मरणिकेसाठी एकत्र करताना मी ती वाचली, आणि आडनावे फार थोडी असल्याचे मला दिसले. कोणी कोणाला दार बंद केलेले नाही. पण दार उघडे ठेवून त्यात पाठ करून बसणे, हेही एक प्रकारचे बंद करणेच. परप्रांतात आपल्याला घर भाड्याने घेताना ‘कौन बिरादरी?’ असे विचारले जाते. मलाही विचारले गेले. मी उत्तर दिले आणि किल्ल्या मिळाल्या म्हणून खूश झालो. दुसऱ्या एखाद्या मराठी माणसाला त्याच प्रश्नाचे खरे उत्तर देऊन जिने उतरावे लागले असेल, हा विचार त्या दिवशी मला शिवला नाही. शाहू महाराजांची ठेच त्यांना खाली पाहावयास शिकवून गेली. आपल्याला तर ठेचही लागली नाही, म्हणून आपण अधिक सावध असले पाहिजे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मी तीन नम्र सूचना करतो. पहिली, झाशी आणि बबीना छावणीतील जवान, रेल्वेतील सर्व श्रेणींचे कर्मचारी, मेडिकल कॉलेजातील विद्यार्थी, मजुरीसाठी आलेली कुटुंबे, जो जो घरी मराठी बोलतो त्याच्या दारी आपण स्वतः जाऊन आमंत्रण द्यावे. पत्रिका पोस्टाने पाठवून मोकळे होऊ नये. दुसरी, राणीसाहेबांची जयंती १९ नोव्हेंबरला आणि झलकारीबाईंची २२ नोव्हेंबरला पाळली जाते. मध्ये दोनच दिवस येतात. पुढील वर्षापासून येथील बांधवांना बरोबर घेऊन दोन्ही एकत्र साजऱ्या कराव्यात, आणि झलकारीबाईंवर बोलण्यासाठी त्यांच्याच समाजातील वक्त्यास पाचारण करावे. तिसरी अगदी लहान. मुलांच्या कार्यक्रमाची यादी यापुढे चिठ्ठ्या टाकून ठरवावी, आणि वेळ कमी पडल्यास अध्यक्षीय भाषण कमी करावे.

माननीय अध्यक्षांनी हसून मान डोलावली, ती मी संमती समजतो.

नेतृत्व म्हणजे मोठे पद नव्हे. ज्याच्या हाती यादी आहे, पेन्सिल आहे, पंगतीचे ताट वाढण्याची पळी आहे, तो त्या घटकेपुरता नेताच असतो. त्या घटकेला त्याने एकच विचारावे : मी ज्याला वगळतो आहे, त्याला मी गप्प राहणारा म्हणून तर वगळत नाही ना? हा प्रश्न मला वेळेवर सुचला नाही. आपल्याला सुचावा, म्हणून आज हे सारे बोललो.

मंडळाची शताब्दी साजरी होईल तेव्हा आपल्यातील बरेचजण नसतील. त्या वेळच्या स्मरणिकेतील नावे वाचणाऱ्यास महाराष्ट्रातील सगळी गावे, सगळ्या वाड्या आणि सगळ्या वस्त्या भेटोत, एवढीच श्रीगजाननाच्या चरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!