उड्डाणापूर्वींची प्रदक्षिणा



ज्यांच्या घरीं जुन्या वळणाचीं कुलुपें आहेत, त्यांना कुंभारीण नांवाच्या माशीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्याची सुटी संपवून गांवाहून परत यावें, किल्ली कुलुपांत घालूं जावें, तों ती आंत शिरतच नाहीं. काडीनें उकरून पाहिलें कीं भोंकांतून वाळलेली माती गळूं लागते आणि तिच्यामागून एखादी निपचित अळी बाहेर येते. बाईनें आपल्या पिलासाठीं तेथें घर बांधून शिधाही भरून ठेवलेला असतो. आपण थोडें चरफडतों, भोंक साफ करतों आणि घरांत शिरतों. एवढ्यावर तें प्रकरण मिटतें.

विमानाच्या बाबतींत तें एवढ्यावर मिटत नाहीं. लहान विमानाच्या पंखाखालीं बोटाएवढी एक नळी समोर तोंड करून बसविलेली असते. तिला पिटो नळी म्हणतात. विमान धांवूं लागलें कीं समोरची हवा तींत घुसून दाटते, आणि त्या दाबावरून वैमानिकापुढील तबकडीवर वेगाचा कांटा हलतो. वेग एका मर्यादेखालीं गेला कीं पंख विमानाला तोलून धरीत नाहींत, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या कांट्याची योग्यता कळेल. कुंभारणीच्या दृष्टीनें मात्र ती नळी म्हणजे एक कोरडें, आयतें भोंक. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें २०१३ सालच्या नोव्हेंबरांत एक मोठें प्रवासी विमान दोन-एक तास जमिनीवर उभें होतें. तेवढ्या अवधींत हिच्याच जातीच्या एका माशीनें त्याची नळी बुजविली, आणि निघालेलें विमान परत आणावें लागलें.

नळी पुरती बुजली म्हणजे कांटा नुसता स्वस्थ बसत नाहीं. आंत कोंडलेल्या हवेचा दाब तसाच राहतो, बाहेरची हवा उंचीबरोबर विरळ होते, आणि विमान वर चढूं लागलें कीं कांटा वाढता वेग दाखवूं लागतो. वेग वाढला असें समजून नाक वर करावें, तों खरा वेग मात्र घटत चाललेला! ६ फेब्रुवारी १९९६ रोजीं डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुएर्तो प्लाता येथून निघालेलें विमान अशाच घोटाळ्यानें समुद्रांत कोसळलें आणि १८९ माणसें गेलीं. धांवपट्टीवर असतांनाच आपला वेगदर्शक नीट चालत नाहीं हें कप्तानाला दिसलें होतें. नळ्या समुद्रांतून हातीं लागल्या नाहींत. त्यामुळें माशीवरचा आरोप संशयापुरताच राहिला.

म्हणून लहान असो वा मोठें, विमान हलण्यापूर्वीं त्याच्याभोंवतीं एक फेरी घालण्याची चाल आहे. आम्ही तिला प्रदक्षिणाच म्हणत असूं. देवळांतील प्रदक्षिणा देवाला उजवीकडे ठेवून होते. सेस्ना विमानाच्या पुस्तकांतली उलटी, विमानाला डावीकडे ठेवून होते, एवढाच काय तो फरक. दारापासून निघावें, शेंपटाकडून उजव्या पंखास वळसा घालून नाकाशीं यावें, आणि डाव्या पंखाशीं संपवावें. वाटेंत प्रत्येक खिळा, बिजागरी, चाक पाहावें. पंख्याच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवावें, कारण खड्यानें पडलेल्या बारीकशा खांचेंतूनच पुढें तडा जातो.

हें कोणत्या क्रमानें करावयाचें याची यादी हातांत असते. याद्यांचें माहात्म्य वाढलें तें ३० ऑक्टोबर १९३५ पासून. त्या दिवशीं अमेरिकेंत बोईंगचें एक नवें चार इंजिनांचें विमान उडतांच कोसळलें आणि त्यांतील दोघे पुढें दगावले. वाऱ्यानें शेंपटाचे फलक हलूं नयेत म्हणून लावलेली अटक काढावयाची राहून गेली होती. उडविणारे नवशिके नव्हते. यादी आली ती अशा जाणत्यांसाठीं.

परंतु यादी डोळे पुरवीत नाहीं, हें मी स्वतःच्या फजितीवरून सांगतों. मी शिकत होतों तेव्हांची गोष्ट. पावसाळा होता, विमान चार दिवस उघड्यावर भिजत उभें होतें. टाकींत पाणी गेलें असल्यास तें पेट्रोलहून जड म्हणून तळाशीं बसतें. यासाठीं तळाच्या तोटींतून कांचेच्या नळकांड्यांत थोडें पेट्रोल काढून पाहतात. पाणी असेल तर खालीं पाण्याचा थर आणि वर पेट्रोल, मध्यें स्पष्ट रेघ. मीं नळकांडें भरलें, उजेडाकडे धरलें. स्वच्छ, नितळ, रेघ नाहीं. “पाणी नाहीं,” असें म्हणून मीं यादींत पुढच्या कलमावर बोट ठेवलें.

“रंग कोणता आहे?” शिक्षकांनीं विचारलें.

लहान विमानांचें हें पेट्रोल निळसर रंगविलेलें असतें. माझ्या हातांतलें मुळींच निळें नव्हतें. रेघ दिसली नाहीं, कारण नळकांड्यांत पेट्रोल नव्हतेंच. काठोकाठ निव्वळ पाणी होतें! झांकणाचें रबरी कडें झिजलें होतें, आणि तेथून चार दिवस पाऊस आंत उतरला होता. निळा रंग येईपर्यंत आम्हीं आठ नळकांडीं ओतलीं. एरवीं काय झालें असतें? नळ्यांत उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर इंजिन सुरू झालें असतें, धांवपट्टीच्या टोंकापर्यंत सुरेख चाललें असतें, आणि दोनशें फुटांवर, जेथून परत वळतां येत नाहीं तेथें, बंद पडलें असतें. मी पाहिलें नव्हतें असें नाहीं. मी फक्त रेघ पाहत होतों.

पक्ष्यांचा उपद्रव त्या मानानें सरळ. इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाआड ऊब असते, वारा लागत नाहीं, मांजर पोंचत नाहीं. युरोप-अमेरिकेंतील स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीची चुलत बहीणच, सकाळीं काढलेलें घरटें दुपारपर्यंत पुन्हा रचून ठेवते. तापलेल्या इंजिनाशीं वाळलेलें गवत म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून अंडीं असलीं तरी तें काढावेंच लागतें. हें काम मला कधींच आवडलें नाहीं.

सर्वांत फसवा दोष मात्र दुरुस्तीहून नुकत्याच परतलेल्या विमानांत सांपडतो. चाक डावीकडे फिरविलें कीं डाव्या पंखाच्या मागच्या कडेचा फलक वर उठला पाहिजे, आणि उजवा खालीं गेला पाहिजे. तारा उलट जोडल्या गेल्या तरी चाक तितकेंच सहज फिरतें, फलकही हलतात, फक्त उलटे. लँकेस्टर या प्रसिद्ध बाँबफेकी विमानाचा रचनाकार रॉय चॅडविक याचा अंत याच चुकीनें झाला. २३ ऑगस्ट १९४७ रोजीं मँचेस्टरजवळ वुडफर्ड येथें तो आपण आंखलेल्या ट्यूडर विमानांतून चांचणीसाठीं निघाला. फलकांच्या जोडण्या उलट झाल्या होत्या. विमान उडतांच कोसळलें. तेव्हां नवशिक्यांना एक युक्ति शिकवितात: चाकावर दोन्ही आंगठे उभे धरून तें वळवा, आंगठे ज्या बाजूला झुकतील, त्या पंखाचा फलक वर गेलेला दिसला पाहिजे. तो हलतो कीं नाहीं एवढेंच पाहूं नका, कोणीकडे हलतो तें पाहा.

आमच्या शिक्षकांचा आणखी एक नियम होता: प्रदक्षिणेंत कोणी हाक मारली, तर सोडलें तेथून पुढें जावयाचें नाहीं, पुन्हा दारापासून. एकदां त्यांचे एक स्नेही सहकुटुंब विमानांत बसावयास आले होते. नाकाजवळ नमस्कार-चमत्कार झाले, मुलांनीं पंख्याला हात लावून पाहिला. मंडळी आंत शिरूं लागणार, तोंच हे यादी घेऊन परत दाराशीं.

“आतां हें किती वेळ चालायचें?” वहिनींनीं विचारलें.

“दहा मिनिटें, वहिनी.”

शेंपूट झालें, उजवा पंख झाला, नाक झालें. डाव्या पंखाखालीं ते वाकले. कुंभारणीनें शिरूं नये म्हणून पिटो नळीवर लाल फडकें बांधलेली टोपी घालून ठेवीत असत. ती अजून नळीवरच होती. ती काढून त्यांनीं खिशांत घातली, हात पुसले, आणि मुलांना म्हणाले, “चला, बसा आतां.”